दुसऱ्या मालकाची सही नव्हती

जपानी गाड्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. आर३२ घ्यावी की सुप्रा? म्हणजे निसानची १९८९ सालची स्कायलाइन जीटी-आर, की टोयोटाची १९९३ सालची, ए८० नावाने ओळखली जाणारी सुप्रा? जुनी गाडी घ्यायची, इंजिनावर काम करायचं, ताकद वाढवायची, तर पैसे कोणत्या गाडीत घालावेत? विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी या गाड्या प्रत्यक्ष पाहिलेल्या नसतात. इंदूरला राहणारे असोत, बडोद्याचे असोत की बेंगळुरूचे, त्यांची ओळख झाली ती प्लेस्टेशनवर 'ग्रान तुरिस्मो' खेळताना, नाहीतर 'नीड फॉर स्पीड'मध्ये. तिथे बटण दाबलं की टर्बो बदलतो आणि हेड गॅसकेट कधीच उडत नाही.

उत्तर मी देणार आहे, टाळणार नाही. पण त्याआधी एक आकडा समजून घ्यावा लागतो, तो म्हणजे २८०.

या दोन्ही गाड्यांची जपानी माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवा. निसानचं इंजिन २.६ लिटरचं, टोयोटाचं ३ लिटरचं. एक १९८९ चं, दुसरं १९९३ चं. पण ताकदीच्या रकान्यात दोन्हीकडे तंतोतंत २८० पीएस. पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती. त्या काळातल्या इतर दमदार जपानी गाड्या पाहिल्या तरी तिथेही पुन्हा पुन्हा हाच आकडा दिसतो. चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांचे इंजिनिअर एकाच आकड्यावर येऊन थांबतात तेव्हा तो योगायोग नसतो.

जपानमध्ये १९७० साली रस्त्यावरच्या अपघातांत १६,७६५ माणसं मेली. या काळाला तिथले लोक 'वाहतूक युद्ध' म्हणत. मग फूटपाथ झाले, सिग्नल वाढले, कायदे कडक झाले, आणि सत्तरच्या दशकात मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण पुढे देशात पैसा खुळखुळू लागला, गाड्या वाढल्या, टर्बो आले, आणि १९८८ मध्ये मृतांचा आकडा पुन्हा १०,००० च्या वर गेला. सरकारचा दबाव आला. कायदा होण्याची वाट न बघता कंपन्यांनी आपसात ठरवलं की यापुढे २८० च्या वर कुणी जायचं नाही. २८० च का? तर त्या घटकेला बाजारातली सगळ्यात दमदार जपानी गाडी, निसानचीच ३००झेडएक्स, तिथवर पोचली होती. जिथे आहोत तिथेच कुंपण घातलं. वेग ताशी १८० किलोमीटरला तोडण्याची सोय तर आधीपासूनच होती. हा लेखी कायदा नव्हता, शब्दाचा करार होता. तो टिकला २००४ पर्यंत, जेव्हा होंडाने ३०० पीएसची लेजंड बाजारात आणली.

आता गंमत बघा. करार झाला तो कारखान्यांमध्ये. गाडी विकत घेणाऱ्याने, आणि त्याच्याकडून जुनी घेणाऱ्याने, त्यावर सही केलेली नव्हती. करारात बांधला गेला होता तो माहितीपत्रकातला आकडा. इंजिनाचा ब्लॉक किती जाड ओतावा, क्रँकशाफ्ट किती भक्कम घडवावा, यावर कुणी काही बोललं नव्हतं. म्हणून नव्वदच्या दशकातली ही इंजिनं कुलूप लावलेल्या कोठारासारखी झाली. आत किती माल आहे ते कुलूप तोडल्याशिवाय कळत नव्हतं, आणि कुलूप तोडायचा तो दुसरा किंवा तिसरा मालक. आर३२ आणि सुप्रा यांच्यात खरा फरक आहे तो कोठारात माल कुणी, कशासाठी भरून ठेवला याचा.

आधी जीटी-आर. निसानमध्ये ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर '९०१' नावाची मोहीम सुरू झाली होती. नव्वद सालापर्यंत हाताळणीत जगात पहिलं व्हायचं, असा तो निर्धार. नागानोरी इतो यांच्या हाताखाली नवी स्कायलाइन घडत होती आणि तिच्या सगळ्यात वरच्या अवताराला एकच काम दिलेलं होतं, ते म्हणजे 'ग्रुप ए' शर्यती जिंकणं. तिथे तेव्हा फोर्डच्या सिएरा कॉसवर्थने सगळ्यांना घाम फोडला होता.

ग्रुप ए चे नियम समजले की जीटी-आरचं इंजिन समजतं. टर्बो असेल तर इंजिनाची क्षमता १.७ ने गुणायची आणि येणाऱ्या आकड्यावरून गाडीचा गट आणि किमान वजन ठरायचं. सुरुवातीला विचार होता २.४ लिटरच्या आसपासच्या इंजिनाचा, म्हणजे गुणाकार ४,००० सीसीच्या आत. पण चारही चाकांना ताकद द्यायची ठरली, वजन वाढलं, आणि मग वरचा ४,५०० चा गट बरा वाटला. २,५६८ सीसी गुणिले १.७ करून बघा. ४,३६६ च्या आत येतं. म्हणून ते विचित्र २.६ लिटर. ना अडीच, ना तीन. बाजारात असा आकडा कुणी मागत नव्हतं, तो नियमपुस्तकातून आला.

या इंजिनाचं नाव आरबी२६डीईटीटी. सहा सिलिंडर एका ओळीत, बिडाचा ब्लॉक, दोन टर्बो आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल. रस्त्यावरच्या टर्बो गाडीला सहा थ्रॉटल कशाला लागतात? लागत नाहीत. शर्यतीला लागतात. शर्यतीत हे इंजिन साधारण ५५० ते ६०० पीएस देणार हे डोळ्यांसमोर ठेवूनच ते बनवलं होतं. २८० हा रस्त्यावर मिरवायचा पोशाख होता.

१९९० च्या मोसमात काझुयोशी होशिनो आणि मंडळी ही गाडी घेऊन उतरली आणि १९९३ पर्यंत जपानच्या ग्रुप ए मालिकेतल्या २९ पैकी २९ शर्यती जीटी-आरने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात तिथल्या 'व्हील्स' मासिकाने तिला 'गॉडझिला' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बाथर्स्टची शर्यत जिम रिचर्ड्स आणि मार्क स्कैफ यांनी १९९१ आणि १९९२ अशी दोनदा जिंकली. दुसऱ्या वेळी भर पावसात गाडी आपटून बंद पडली, शर्यत थांबवली गेली, निकाल मागच्या फेरीवरून धरला, आणि फोर्ड-होल्डनच्या चाहत्यांनी विजेत्यांची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षी तिथे नियमच बदलले आणि पाच लिटरच्या व्ही८ गाड्यांचं राज्य आलं. एखाद्या गाडीने इतकं जिंकावं की खेळच बदलावा लागावा, हे वारंवार घडत नाही.

टोयोटाची गोष्ट याच्या अगदी उलटी, आणि मला जास्त मजेदार वाटते. सुप्राचं इंजिन, २जेझेड-जीटीई, शर्यतीसाठी जन्मलंच नाही. ते पहिल्यांदा आलं १९९१ मध्ये ॲरिस्टो नावाच्या चार दरवाज्यांच्या आलिशान गाडीत. कंपनीचा साहेब मागे बसून ऑफिसला जाईल अशी ती गाडी. तिच्यासाठी टोयोटाने ३ लिटरचं सहा सिलिंडरचं बिडाचं इंजिन बनवलं आणि ते इतकं दणकट केलं की आजही मेकॅनिक लोक त्याच्याबद्दल आवाज खाली करून बोलतात. १९९३ मध्ये इसाओ त्सुझुकी यांच्या सुप्रात ते बसलं. गाडीचं वजन कमी करायला त्यांच्या लोकांनी बॉनेट ॲल्युमिनियमचं केलं, स्टिअरिंगच्या चाकात मॅग्नेशियम वापरलं, सायलेन्सरचा पाइप एकच ठेवला. इंजिनाचं वजन मात्र कुणी फारसं उतरवलं नाही.

बरं, सुप्रा शर्यतीत धावली नाही का? धावली आणि जिंकलीही. १९९७ मध्ये कॅस्ट्रॉलच्या रंगातल्या सुप्राने जपानची जीटी५०० मालिका घेतली. पण त्या गाडीच्या बॉनेटखाली २जेझेड नव्हतंच. २ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, कारण ते हलकं. म्हणजे ज्या इंजिनावरून आज पोरं हमरीतुमरीवर येतात, ते टोयोटाने स्वतःच शर्यतीला बाजूला ठेवलं होतं!

आता दोन्ही इंजिनं टेबलावर घेऊ. दोघांचाही सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर. अगदी सारखा. फरक आहे तो पिस्टन किती खाली जातो यात. निसानचा ७३.७ मिलिमीटर, टोयोटाचा ८६. सव्वा सेंटिमीटर! या सव्वा सेंटिमीटरने दोन्हींचे स्वभाव ठरवले. निसानचं इंजिन वरच्या फेऱ्यांना खुलतं, ६,८०० ला आपली कमाल ताकद देतं. टोयोटाचं ५,६०० ला तिथे पोचतं, पण पिळाची ताकद, ज्याला टॉर्क म्हणतो, ती त्याच्याकडे मुळातच जास्त. निसानचे ३६ किलोग्रॅम-मीटर, टोयोटाचे ४४.

ताकद वाढवायची म्हणजे करायचं काय? टर्बो हवा कोंबतो, ती आणखी दाबाने कोंबायची, तिला पुरेल इतकं पेट्रोल द्यायचं आणि हे सांभाळणारा कॉम्प्युटर नव्याने जुळवायचा. इथे दोन्ही गाड्यांना एक समान दुखणं आहे. जपानी बाजारातल्या दोघींच्या टर्बोमध्ये टर्बाइनची चाकं सिरॅमिकची. हलकी म्हणून चटकन फिरतात, पण दाब एका बारच्या पुढे न्यायला लागलात की कपबशीसारखी फुटू शकतात. परदेशी पाठवलेल्या सुप्रात ती धातूची होती. निसाननेही शर्यतीच्या मान्यतेसाठी काढलेल्या निस्मो आवृत्तीत सिरॅमिक काढून धातू घातला. काय फुटतं ते त्यांना ठाऊक होतं.

मूळ टर्बो काढून मोठा बसवला की वाटा वेगळ्या होतात. सुरुवातीच्या आर३२ मध्ये ऑइल पंपाला फिरवणारा क्रँकशाफ्टचा भाग अरुंद होता. वरच्या फेऱ्यांवर धरून ठेवलं की पंपाचा गिअर तडकायचा, तेल बंद, आणि इंजिन गेलं. नंतरच्या गाड्यांत निसानने तो भाग रुंद केला. दुसरं, जास्त फेऱ्यांवर तेल वरच्या हेडमध्ये साचतं आणि खाली परत यायला वेळ लावतं. तिसरी अडचण मांडणीची. पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडा तेलाच्या टाकीतून आरपार जातो, त्यामुळे खालून काही करायचं तर काम दुप्पट. तरी साध्या आतल्या भागांवर हे इंजिन साडेचारशे-पाचशे पीएसपर्यंत नेतात. त्यापुढे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, सगळं बदलायचं. एचकेएससारख्या कंपन्यांनी तर पिस्टनचा प्रवासच वाढवून २.८ लिटर करणारी किट विकली. नियमपुस्तकाने कापलेला तुकडा परत जोडायचा खटाटोप, दुसरं काय!

सुप्राकडे तो तुकडा कारखान्यातूनच होता. तिचे दोन टर्बो पाळीपाळीने काम करतात, आधी एक, मग दुसरा जोडीला. हा नळ्यांचा आणि झडपांचा जंजाळ इतका किचकट की बहुतेक लोक तो उपटून एकच मोठा टर्बो लावतात. आणि मग, आतलं काहीही न उघडता, सहाशे-सातशे पीएस या इंजिनाने वर्षानुवर्षं सोसल्याची उदाहरणं आहेत. तिचा सहा गिअरचा, जर्मनीच्या गेट्रागबरोबर केलेला गिअरबॉक्सही तसाच चिवट. आर३२ च्या पाच गिअरच्या डब्याबद्दल असं म्हणवत नाही. निसानने शेवटी १९९९ च्या आर३४ जीटी-आरला गेट्रागचाच सहा गिअरचा डबा दिला.

मग सुप्राच घ्यावी, असंच ना? थांबा. ही सगळी ताकद सुप्रात मागच्या दोनच चाकांवर जाते. सातशे पीएस दोन टायरांनी जमिनीला देणं म्हणजे ओल्या फरशीवरून धावणं. आर३२ चा संगणक चाकांचा वेग आणि गाडीवरचा जोर सतत बघत असतो आणि गरज पडली तर निम्म्यापर्यंत ताकद पुढच्या चाकांकडे वळवतो. एरवी गाडी मागच्या चाकांवरच चालते, त्यामुळे वळणात ती हलकी राहते. साडेचारशे पीएसची आर३२ वळणावळणाच्या ट्रॅकवर सातशेच्या सुप्राला सतावते ती यामुळे. कारखान्याने तिथे फक्त इंजिन दिलं नाही, त्या ताकदीला लागणारी पूर्ण गाडी दिली. सुप्राने इंजिन दिलं आणि बाकीचं मालकावर सोडलं.

जपानी गॅरेजवाल्यांनी हे फार लवकर ओळखलं होतं. या धंद्याची परंपरा तिथे या गाड्यांच्या आधीची. एचकेएस १९७३ पासून आहे. १९८३ मध्ये त्यांनी सेलिका एक्सएक्स, म्हणजे सुप्राचीच थोरली बहीण, याताबेच्या चाचणी मार्गावर ताशी ३०१ किलोमीटरने पळवून दाखवली होती. नव्वदनंतर बुडबुडा फुटला, शेअर बाजार कोसळला, आणि ४४ लाख ५० हजार येनला नवी घेतलेली जीटी-आर जुन्या बाजारात स्वस्त होत गेली. त्यात जपानची 'शाकेन', म्हणजे आपल्याकडच्या पासिंगचा खर्चिक भाऊ. नवी गाडी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी, आणि १९९५ पर्यंत दहा वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी. कटकट नको म्हणून लोक गाड्या काढून टाकत आणि त्या लिलावातून तरुण मेकॅनिकांच्या हाती येत.

यातलाच एक गाजलेला माणूस म्हणजे 'टॉप सीक्रेट'चा काझुहिको नागाता. १९९८ मध्ये त्याने इंग्लंडला सोनेरी सुप्रा नेली, रात्री मोटरवेवर ताशी ३१७ किलोमीटरने पळवली आणि पोलिसांच्या ताब्यात गेला. सार्वजनिक रस्त्यावर असं करणाऱ्याचं कौतुक मला नाही. २८० चा करार ज्या मृत्यूंमुळे झाला ते अशाच रस्त्यांवर झाले होते. पण त्या गाडीत इंजिन कोणतं होतं माहीत आहे? जीटी-आरचं आरबी२६. सुप्राच्या अंगात निसानचा जीव! आर३२ की सुप्रा या वादाला याहून मिश्किल उत्तर मी ऐकलेलं नाही.

माझं उत्तर असं. ट्रॅकवर दिवसभर फेऱ्या मारायच्या असतील आणि चारशे-साडेचारशेवर समाधान असेल, तर आर३२. पण पहिला खर्च टर्बोवर करू नका, ऑइल पंपावर करा. १९९३ च्या आसपासची गाडी मिळाली तर आणखी बरं. सरळ रेषेतला वेग आणि मोठे आकडे हवे असतील, तर सुप्रा, आणि टर्बोआधी ब्रेक, टायर आणि पेट्रोलचा पंप. एकच गाडी आयुष्यभर ठेवायची म्हटलं तर मी स्वतः आर३२ घेईन. सुप्राचं इंजिन अधिक चांगलं आहे हे मान्य करून.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न बराचसा कागदावरचा. तीन वर्षांहून जुनी गाडी भारतात रीतसर आयात करता येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसी बुकात नोंदलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. अमेरिकेत नियम वेगळा. पंचवीस वर्षं झालेली गाडी तिथे नेता येते, म्हणून पहिल्या आर३२ गाड्यांना २०१४ मध्ये दार उघडलं आणि जपानमधल्या स्वस्ताईचा शेवट झाला. सुप्राला वर नेलं सिनेमाने. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'मधली नारिंगी सुप्रा जून २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली.

स्कायलाइन जीटी-आर आणि ही सुप्रा, या दोन्ही गाड्यांचं जपानी उत्पादन प्रदूषणाच्या नव्या नियमांपुढे एकाच महिन्यात थांबलं, ऑगस्ट २००२. आता त्याच कंपन्या त्यांचे भाग पुन्हा बनवतात. निसानने २०१७ मध्ये आर३२ साठी सुरुवात केली, टोयोटाने २०२० मध्ये सुप्रासाठी. बाजारही उलटा फिरला आहे. छेडछाड न केलेली गाडी महाग, ताकद वाढवलेली त्यामानाने स्वस्त. त्यामुळे आज जुनी सुप्रा बघायला गेलात तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा, की काढलेले मूळ दोन टर्बो कुठे आहेत. अडगळीत खोक्यात बांधून ठेवलेले निघाले, तर ते गाडीबरोबर मागून घ्या.